पाचव्या गाण्यातली टिकटिक

मित्रांनो, मी एक हेडफोन आहे. वय विचाराल तर चारच वर्षं, पण आमच्यात चार वर्षं म्हणजे म्हातारपणच. माझ्या गाद्यांचं कातडं सोलवटलंय, डोक्यावरच्या पट्ट्यातला फोम चपटा झालाय, आणि वायरीला अशी वळणं पडलीत की सरळ करायला जावं तर पुन्हा वळते. गोष्ट सांगण्याआधी एक कबूल करून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको. या गोष्टीत जे बिघडलं, ते माझ्यातून बिघडलं. लपवाछपवी मला जमत नाही, मला घडवलंच तसं आहे.

घडवलं कसं तेही ऐका. हेडफोन दोन तऱ्हांचे असतात. काहींची पाठ बंद असते, डब्याला झाकण असावं तशी. त्यांचा आवाज आतल्या आत राहतो. माझ्या दोन्ही वाट्यांना मात्र मागून बारीक जाळी आहे. त्यामुळे ऐकणाऱ्याला मोकळं वाटतं, समोर बसून कुणी गातंय असं वाटतं. पण आतलं बाहेर जातं आणि बाहेरचं आत येतं. सगळा उघडा कारभार! दूरच्या कारखान्यात मला एका यंत्रापुढे ठेवून तपासलं, तेव्हा कागदावर जवळजवळ सरळ रेघ उमटली. म्हणजे हा आपल्या पदरचं काही घालत नाही, जसं आहे तसं ऐकवतो. त्या रेघेचा मला केवढा तोरा होता म्हणून सांगू!

तो तोरा अकोल्यात उतरला. तिथे ओमप्रकाशजींचं दुकान होतं. माइक, भोंगे, अ‍ॅम्प्लिफायर विकणं आणि दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. त्यांच्या काचेच्या कपाटात मी आठ महिने पडून होतो. येणारं प्रत्येक गिऱ्हाईक मला कानाला लावायचं आणि तोंड वाकडं करायचं. "याच्यात दमच नाही बुवा," म्हणून मला ठेवून द्यायचं आणि माझ्या शेजारचा लठ्ठ, लाल पट्ट्यांचा हेडफोन घेऊन जायचं. तो प्रत्येक गाण्यात ढोल घालायचा, नसला तरी घालायचा. लोक खूश! मी आपला मनातल्या मनात जळायचो. खऱ्याला गिऱ्हाईक नाही, हे तुम्ही ऐकलं असेल. मी ते कपाटात बसून पाहिलंय.

मग मे महिन्यात एका दुपारी ज्योत्स्ना आली. ती अमरावतीची. चांदूर रेल्वेच्या एका शाळेत क्लार्क होती, रोज बडनेऱ्याहून गाडीनं जायची-यायची. गाण्यांचं रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे आवाज जुळवून एक गाणं करणं, ती मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून शिकली होती. गाडीत बसून लोक पेंगायचे, तेव्हा ही वहीत टिपणं काढायची.

"घरीच गानं रेकॉर्ड करायचं हाय, अन् मिक्सिंगबी मीच करनार हाय. त्याच्यासाठी चांगला हेडफोन दाखवा," ती म्हणाली.

ओमप्रकाशजींनी सवयीनं माझ्या लठ्ठ शेजाऱ्यालाच पुढे केलं. तिनं आपल्या मोबाइलवरचं एक गाणं लावून ऐकलं आणि तिचा चेहरा फुलला. माझं मन खट्टू झालं. झालं, ही पण गेली!

"मस्त वाजते. कोनाचं गानं हाय ताई?" ओमप्रकाशजींनी सहज विचारलं.

"माह्या बाबाचं. त्यायच्या गळ्याचं ऑपरेशन हाय तीन आठवड्यांनी, नागपूरले. डॉक्टर म्हन्ते, स्वरयंत्रच काढा लागन. मंग बोलताबी येनार नाही अन् गाताबी येनार नाही." हे तिनं इतक्या सपाट आवाजात सांगितलं की दुकानातलं दुसरं एक गिऱ्हाईक हातातली वायर तशीच धरून उभं राहिलं. "त्याच्या आधी पाच गानी भरून ठिवायची हायेत."

ओमप्रकाशजींनी तिच्या डोक्यावरून तो लाल पट्ट्यांचा हळूच काढून घेतला. "मंग हा नका घेऊ, ताई," ते म्हणाले. "हा गोडबोल्या हाय. आता पाहा, चमच्यालेच मीठ लागेल असन, अन् त्याच चमच्यानं तुमी भाजी चाखली, त तुमाले वाटन मीठ बराबर हाय. लोकायच्या ताटात भाजी अळनीच जाईन. तसंच हे. हा स्वतःच ढोल वाजवते. तुमी गान्यातला ढोल कमी ठिवसान, अन् दुसऱ्याच्या घरी थेच गानं फिकं वाजन."

मग त्यांनी मला काढलं, गाद्यांवरची धूळ शर्टाच्या बाहीनं पुसली आणि तिच्या कानांवर ठेवलं.

तेच गाणं. कुठल्याशा गावातल्या जयंतीच्या कार्यक्रमात कुणीतरी मोबाइलवर धरलेलं, भोंग्यांच्या गोंगाटातलं. माझ्यातून ते काही गोड लागलं नसणार. तिनं एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं. तिसऱ्यांदा मधेच बोट ठेवून थांबवलं आणि परत मागे नेलं.

"इथं बाबा दम घेतात," ती म्हणाली. "पन्नासदा आयकलं असन मी हे गानं. मले कधीच समजलं नव्हतं."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. कुणी म्हणालं नाही की हा छान आहे. पण एका लेकीला तिच्या बापाचा श्वास ऐकू आला, तो माझ्यामुळे.

ओमप्रकाशजींनी पुढचं सांगितलं तेही मी ऐकलं, आणि तिनंही ऐकलं. मिक्सिंगला याच्यासारखा दुसरा नाही, पण गाणाऱ्याच्या कानाला हा लावू नका. याची पाठ उघडी आहे, यातलं संगीत बाहेर सांडतं आणि समोरच्या माइकात शिरतं. एकदा शिरलं की निघत नाही. गाणाऱ्यासाठी बंद पाठीचा वेगळा घ्या. ज्योत्स्नानं दोन्ही हातांत दोन हेडफोन धरून बराच वेळ विचार केला. दोन्ही घ्यायला पैसे पुरत नव्हते. रेकॉर्डिंग काय, चार-पाच दिवसांचं; मिक्सिंगला महिने लागतील. बाबांना तेवढ्यापुरते मोबाइलचे छोटे इयरफोन चालवून घेता येतील. तिनं मला घेतलं. तिचा हिशोब चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही.

बडनेऱ्यापर्यंत मी तिच्या मांडीवर होतो.

घरी आल्यावर मी देवमनबाबांना पाहिलं. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला उंच, काळासावळा माणूस. इंजिनांच्या आवाजानं एक कान मंद झालेला, उरलेला भोंग्यांनी मंद केलेला. पस्तीस वर्षं ते गायन पार्टीचे मुख्य गायक होते. जयंतीच्या महिन्यात त्यांना घरी जेवायला सवड नसायची. इकडे चांदूरपासून तिकडे बाळापूरपर्यंत कुठल्या ना कुठल्या गावचं बोलावणं असायचंच. माणसं पहाटेपर्यंत हलायची नाहीत म्हणे. पण एवढ्या वर्षांत त्यांचा एकसुद्धा आवाज धड कुणी जपला नव्हता. जे होतं ते सगळं मोबाइलवरचं, शिट्ट्या आणि घोषणांच्या खाली दबलेलं.

ज्योत्स्नाला एवढंच हवं होतं. बाबांचा आवाज जाणार तो जाणारच. पण तो घरात स्वच्छ राहावा.

तिची आई, मनकर्णाबाई, या सगळ्याकडे तिरक्या डोळ्यांनी पाहायच्या. "मशिनीत भरून काय होते वो?" म्हणायच्या. "मानूस थोडीच भरून ठिवता येते." तरीही खोलीच्या भिंतींना लावायला आपल्या हातच्या चारही गोधड्या त्यांनीच काढून दिल्या, आवाज घुमू नये म्हणून. देवमनबाबांनी आयुष्यभर त्यांना 'मना' म्हटलं. त्यांच्या तोंडून ते नाव दिवसातून शंभरदा निघायचं. मना पाणी दे, मना चष्मा पाय, मना कोन आलं.

काम असं चालायचं. जानरावकाका म्हणून पार्टीतले पेटीवाले होते, देवमनबाबांचे जुने जोडीदार. लय चुकू नये म्हणून लॅपटॉपनं दिलेल्या एका ठरावीक टिकटिकीवर त्यांनी पेटी आधीच वाजवून दिली होती. ती टिकटिक आणि पेटी कानात ऐकायची आणि माइकपुढे एकट्यानं गायचं, म्हणजे आवाज निव्वळ मिळतो. मग टिकटिक काढून टाकायची आणि पेटी, ढोलकी मागाहून नीट जोडायची. सकाळी गरम पाणी पिऊन झालं की देवमनबाबांचा गळा तासभर उघडायचा. तेवढ्यात एक गाणं. चार दिवसांत चार गाणी झाली. कानात मोबाइलचे इयरफोन होते, ते सारखे निसटायचे, पण निभावलं.

तोवर माझं काम मागाहून सुरू व्हायचं. गाणं झालं की ज्योत्स्ना मला कानांवर चढवून ऐकायची आणि साफसफाई करायची. देवमनबाबा दोन कडव्यांच्या मधे गप्प थोडेच बसायचे! खाकरायचे, जानरावला चिडवायचे, मनाला हाका मारायचे. ज्योत्स्ना ते सगळं कापून काढायची. लॅपटॉपमध्ये जागा कमी होती आणि तिला काम कसं लखलखीत लागायचं. नुसतं कापलं नाही, कायमचं पुसून टाकलं. माझ्या वाट्यांतून ती बोलणी शेवटची गेली आणि संपली. तेव्हा ना मला काही वाटलं, ना तिला.

पाचव्या दिवशी घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे नागपूरला निघायचं होतं. राहिलं होतं ते देवमनबाबांनी स्वतः बांधलेलं गाणं. ज्योत्स्ना पहिल्यांदा शाळेत गेली, त्या वर्षी त्यांनी ते रचलं होतं.

लेकीच्या माह्या पाटीवर उगवला दिस गं,
अंगठ्यानं घेतली आता अक्षराची कूस गं.

या ओळींनी त्यांचा प्रत्येक कार्यक्रम सुरू व्हायचा. त्या सकाळी इयरफोन दोनदा कानातून पडले. तिसऱ्यांदा पडले तेव्हा देवमनबाबा वैतागले. "हे काय कानात घालाचं हाय का नाकात?" म्हणाले आणि ज्योत्स्नाच्या गळ्यात लटकलेल्या माझ्याकडे बोट केलं. "थो दे मले. थो मानसासारखा हाय."

"बाबा, याचा आवाज भायेर येते," ती म्हणाली.

"येऊ दे नं! जानरावची पेटी हाय, चोराची थोडीच हाय."

बाहेरच्या खोलीत जानरावकाका हसले. ज्योत्स्ना हसली नाही. तिला ओमप्रकाशजींचं बोलणं आठवलं होतं, मला गळ्यातून काढणाऱ्या तिच्या हातांतून ते कळलं. पण गळ्यात गाठ घेऊन बसलेल्या बापाला शेवटच्या गाण्याच्या वेळी नाही कसं म्हणणार? तुम्ही म्हटलं असतं? तिनं मला त्यांच्या डोक्यावर चढवलं आणि आवाज अगदी बारीक ठेवला.

"वाढव."

तिनं थोडा वाढवला.

"वाढव बाई, काहीच आयकू येऊन नाही राह्यलं."

तिनं वाढवला. आणि मग देवमनबाबांनी पस्तीस वर्षांच्या सवयीनं माझी डावी वाटी कानावरून मागे सारली. गायन पार्टीचा मुख्य गायक एक कान कायम मोकळा ठेवतो. मागे बसलेले कोरसवाले उचलतात की नाही, हे त्याला ऐकावं लागतं. कोरस नव्हता तरी त्यांनी कान मोकळा केला. आता माझं तोंड सरळ माइककडे होतं आणि मी ओरडत होतो, टिक टिक टिक टिक. हेडफोन एकच, तो बापाच्या डोक्यावर. माइकात काय शिरतंय ते लेकीला कसं कळणार? ती लॅपटॉपच्या पडद्यावरची हिरवी पट्टी वर-खाली होताना पाहत होती. तेवढंच तिच्या हाती होतं.

गायले मात्र असे, मित्रांनो, की मी माझी लाज विसरलो. आवाज फाटलेला होता. दोन जागी सूर पोचलाच नाही. पण 'लेकीच्या माह्या' म्हणताना त्यांनी डोळे मिटले नाहीत, समोर बसलेल्या लेकीकडे पाहून म्हणाले. गाणं संपलं आणि ते खोकत खाली बसले. "आता नाही होत बाई," म्हणाले. "जेवढं होतं तेवढं झालं." लगेच शेजारपाजारचे निरोप द्यायला येऊ लागले, बॅगा भरायच्या राहिल्या होत्या. ज्योत्स्नानं फाइल तशीच ठेवली आणि लॅपटॉप मिटला.

नागपूरहून ते वीस दिवसांनी परतले. गळ्याच्या पुढे एक भोक होतं आणि त्याच्यावर पांढरं फडकं. हातात पाटी होती. काही हवं असलं की त्या पाटीवर लिहायचे. मनकर्णाबाईंना लिहिलेलं भरभर वाचता येत नसे, म्हणून हळूहळू बोटांच्या खुणाच जास्त झाल्या. घर इतकं गप्प झालं की नळाचं पाणी थेंबथेंब पडलं तरी कळायचं.

जुलैत ज्योत्स्नानं पाचवं गाणं उघडलं आणि मला कानांवर घेतलं.

टिक टिक टिक टिक. बापाच्या आवाजाखाली, आवाजाच्या मधे, श्वास घेतला तिथे तर सगळ्यात मोठी. तिनं मला काढून पाहिलं, पुसलं, पुन्हा लावलं. माझ्यात काही वाजत असेल असं तिला क्षणभर वाटलं असणार, बिचारीला! मग तिच्या लक्षात आलं आणि ती दोन्ही तळहात तोंडावर धरून बसली.

दोन महिने ती त्या टिकटिकीमागे लागली. ती काढायची सोय असते लॅपटॉपात. पण एक टिक पुसायला जावं तर बापाचा आवाजही तेवढ्या जागी पुसट व्हायचा, डाग काढताना कापडाचा रंगही निघावा तसा. शेवटी टिकटिक गेली, पण गाणारे देवमनबाबा राहिले नाहीत. दुसराच कुणी पोकळ गळ्याचा माणूस राहिला. तिनं ती नक्कल टाकून दिली. जानरावकाकांना तिनं मूळ गाणं मोबाइलवर ऐकवलं, तर ते म्हणाले, "काय वाईट हाय वो याच्यात? मले त काहीच आयकू नाही येत." खरंच येत नव्हतं. मोबाइलच्या टिचभर भोंग्यातून, त्या लाल पट्ट्यांच्या लठ्ठ्यातून ती टिकटिक झाकून गेली असती. पण तिनं मला निवडलं होतं. मी तिला दर वेळी एक-एक टिक मोजून ऐकवली. त्या दिवसांत पहिल्यांदा मला माझ्या सरळ रेघेचा राग आला. थोडं खोटं बोलता आलं असतं तर काय बिघडलं असतं माझं?

आधीची चार गाणी मात्र सुरेख झाली. लोकांनी वाखाणली, गावोगावी पोचली. देवमनबाबांनी त्यातलं एकही ऐकलं नाही. ज्योत्स्नानं एकदा मला पुढे केलं, तर त्यांनी पाटीवर 'नको' लिहिलं आणि पाटी उलटी ठेवली. पाचव्या गाण्याला तिनं पुन्हा हात लावला नाही. ते जसं भरलं होतं तसं एका कोपऱ्यात पडलं, आणि मी कपाटात, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात. मला कुणी काढलं नाही. माझ्याकडे पाहिलं की तिला ते आठवायचं, तिचा तरी काय दोष?

जानेवारी उजाडला. एका रविवारी दुपारी देवमनबाबा उन्हाच्या तुकड्यात खाटेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. मनकर्णाबाई ज्योत्स्नाजवळ येऊन बसल्या.

"ज्योत्स्ने, थे गानं-बिनं राहू दे," त्या म्हणाल्या. "गानं लोकायले. मले यायचं बोलनं आयकव."

"बोलनं?"

"हव. आपल्याशी बोलत होते थे. तसं घरातलं." मनकर्णाबाईंनी आवाज खाली आणला. "इसरून राह्यली मी. गानं आठोते, पन मले हाक कशी मारत होते, थे आता कानात येतच नाही. लय जोर देऊन पाह्यला. नाही येत."

ज्योत्स्नानं लॅपटॉप उघडला. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं, चौथं. सगळी लखलखीत. पहिला शब्द गाण्याचा, शेवटचा शब्द गाण्याचा. मधे कुठे खाकरणं नाही, हाक नाही. तिनं स्वतःच्या हातानं पुसलं होतं. ती एकेक उघडत होती आणि मिटत होती, आणि थोड्या वेळानं तिचे हात कपाटात मला शोधत होते. एक फाइल तेवढी तिनं साफ केली नव्हती. बिघडलेलं काम कोण साफ करत बसतं?

तिनं मला आईच्या डोक्यावर चढवलं, पदरावरूनच. मनकर्णाबाई ताठ बसल्या, डोक्यावर भरलेला हंडा असल्यासारख्या. ज्योत्स्नानं पाचवं गाणं अगदी पहिल्यापासून लावलं, पेटी सुरू व्हायच्या कितीतरी आधीपासून.

आधी खुर्ची सरकली. कुणीतरी नाक ओढलं. आणि मग माझ्यातून देवमनबाबा म्हणाले, घोगऱ्या, किंचित वैतागलेल्या, घरातल्या आवाजात, "मना, थो कूलर बंद कर वो. सारी घरघर येऊन राह्यली याच्यात."

"उठली, उठली," मनकर्णाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

जानेवारी होता, मित्रांनो. कूलर केव्हाच धुऊन, चादरीत बांधून स्लॅबवर ठेवला होता. त्या उठून भरभर खिडकीशी गेल्या आणि भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. माझी वायर ताणली गेली. मी त्यांच्या डोक्यावरून निसटलो, फरशीवर आपटलो आणि माझी डावी बाजू तडकली. कुणाचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं.

देवमनबाबांनी मान वर करून पाहिलं. बोटं फिरवून विचारलं, काय झालं?

मनकर्णाबाई बटणावर हात ठेवून उभ्या होत्या. "तुमीच तं सांगतलं," त्या म्हणाल्या, "कूलर बंद कर म्हनून."

मग त्यांचं त्यांना कळलं. रिकाम्या खिडकीकडे त्यांनी पाहिलं, नवऱ्याच्या गळ्यावरच्या पांढऱ्या फडक्याकडे पाहिलं, आणि जूनपासून जी बाई दवाखान्यात रडली नव्हती, घरी रडली नव्हती, ती भिंतीला टेकून हमसून हमसून रडली. देवमनबाबांनी शेंगांचं ताट खाली ठेवलं. ते हळूहळू तिच्याजवळ गेले, हात लांबवला आणि ते बटण चालू केलं, मग बंद केलं. स्वतःच सांगितलेलं काम झालं, असं दाखवायला. ज्योत्स्ना फरशीवर माझ्याजवळच बसली होती, मला उचलायचं तिला सुचत नव्हतं.

त्या दिवसानंतर ज्योत्स्नानं पाचव्या गाण्यातून काहीही काढलं नाही. टिकटिक आहे, खोकला आहे, खुर्ची आहे. माझी तडकलेली बाजू तिनं काळ्या पट्टीनं बांधली. आता डाव्या बाजूनं अधूनमधून आवाज जातो. मिक्सिंगच्या कामाचा मी राहिलो नाही, नवा आला आहे. मी खिळ्याला असतो. कधी दुपारी मनकर्णाबाई मला मागून घेतात, ते एकच वाक्य ऐकतात आणि ऐकून झालं की हळूच 'हव' म्हणतात.

मित्रांनो, माझी जपणूक करा हे सांगायला मी बसलेलो नाही. वायर ओढू नका, गाद्यांवर घाम वाळू देऊ नका, टेबलाच्या काठावर टांगू नका, हे कुणीही सांगेल. गाण्यासाठी हेडफोन घ्यायचा तर आपल्याला कशासाठी हवा ते आधी ठरवा, आणि सांगणाऱ्यानं सांगितलेलं विसरू नका. हेही कुणीतरी सांगेलच. माझी विनंती दुसरी आहे. आपल्या माणसाचं चांगलं-चांगलं जपता, तसं त्याचं साधं बोलणंही थोडं जपून ठेवा. पाणी मागितलेलं, वैतागलेलं, नावानं हाक मारलेलं. पुसण्याआधी एकदा थांबा. आणि घरात कुणी तुमच्याशी बोलत असेल, तर तेवढा वेळ कानावरचं काढून बाजूला ठेवा. हे तुम्हाला एक हेडफोन सांगतोय.